छायाच्या लग्नाचा चौक

मला राग आला की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की शैलेंद्र उठून खिडकी लावतो. लग्नाला आणि दुबईला, दोन्हींना सत्तावीस वर्षं झाली, तरी या माणसाला अजून वाटतं की शेजारच्या लेबनीज म्हाताऱ्याला मराठी कळेल. कळू दे की! तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी हे शांतपणे सांगणार नाही. शांतपणे ऐकायचं असेल तर माझ्या नवऱ्याकडे जा. तो सगळं ‘अंडरस्टँडेबल आहे’ म्हणत सांगेल.

आत्माराम धोदडे आमच्याकडे चौदा वर्षं पेंटर होता. रास अल खोरला आमचं वर्कशॉप आहे. एक्झिबिशनचे स्टॉल, लग्नाचे मांडव, जाहिरातींचे आणि सिनेमाचे सेट, जे म्हणाल ते प्लायवूडमध्ये उभं करून देतो. बावीस माणसं आहेत, पण रंगात आत्मारामचा हात धरणारा एक नाही. प्लायवर असा संगमरवर काढायचा, की एकदा एका अरबी गिऱ्हाइकानं बोटानं ठोकून पाहिलं आणि स्वतःशीच हसत निघून गेला. अंगात कायम पांढरा फुल शर्ट. संध्याकाळी त्यावर रंगाचा एक ठिपका सापडेल तर शपथ! पहिली दोन वर्षं मी मुद्दाम शोधायचे.

तो तलासरीकडचा वारली. आश्रमशाळेतून दहावी झाला, मग वापीला फॅक्टऱ्यांच्या भिंती रंगवल्या, मग एजंट आणि मग इथे. घरी बायको सविता, एकुलती एक मुलगी छाया आणि थोडी भातशेती. जबल अलीच्या कामगार कॅम्पात एका खोलीत सहाजण राहायचे. कॅम्पातल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म आत्मारामच भरून द्यायचा, कारण त्याचं इंग्रजी अक्षर माझ्या दोन्ही मुलांपेक्षा चांगलं होतं. पण आपण आदिवासी आहोत हे त्यानं तिथे कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तर महिनाभर रोज सकाळी तो बसमध्ये चढला, की सगळी बस तोंडावर हात आपटून ‘हू हू हू’ करायची. बिहारचे, केरळचे, पाकिस्तानचे, सगळे एका सुरात. कुठे शिकले हे? सिनेमात! आपल्यात असं काही करतात हे आत्मारामला तोवर माहीतच नव्हतं. मग कॅम्प बदलला, तेव्हा त्यानं तोंड मिटून घेतलं. मला हे सांगताना तो हसला होता आणि मीही हसले होते. तो हसला म्हणून हसले, अशी मी माझी समजूत काढली.

गेल्या फेब्रुवारीत छायाचं लग्न झालं. आत्मारामनं ऑक्टोबरातच रजा मागून ठेवली होती. पण फेब्रुवारी म्हणजे आमचा ऐन सीझन, एक एक्झिबिशन संपलं की दुसरं दारात उभं. मी म्हटलं, “अरे, मार्चमध्ये करा ना. तुमच्यात मुहूर्ताचं एवढं असतं का काही?” हे वाक्य माझ्या तोंडून गेलेलं आहे, लपवत नाही. नवरामुलगा वीज मंडळात वायरमन, त्यांना मार्चमध्ये जमणार नव्हतं. शेवटी आत्माराम गेलाच नाही. मुलीचं लग्न त्यानं बोटिमच्या व्हिडिओ कॉलवर पाहिलं, वर्कशॉपच्या मागे प्लायच्या थप्पीवर बसून. मी त्याला दोन तासांची सुट्टी दिली, सगळ्यांना लाडू वाटले आणि वर शैलेंद्रला म्हणाले, बघ, किती खूश झाला बिचारा.

त्या दिवशी त्यानं मला फोनवर एक फोटो दाखवला. कुडाची भिंत, गेरूनं सारवलेली, आणि तिच्यावर तांदळाच्या पिठानं लिहिलेला चौक. ते ‘चौक काढतात’ म्हणत नाहीत, ‘लिहितात’ म्हणतात. मधे पालघट देवी, भोवती चंद्र, सूर्य, फणी, शिडी, झाडं, आणि चौकटीची नक्षी इतकी बारीक, की मी चष्मा लावून पाहिली. डाव्या कोपऱ्यात एक घोडा होता, त्याला पाय तीनच. “पीठ संपलं,” आत्माराम म्हणाला. “तवर वऱ्हाड आलं.” हा चौक लिहिल्याशिवाय त्यांच्यात लग्न लागत नाही. तो सवासिणींनी लिहायचा, पुरुषांनी नाही, आणि लग्नासाठीच लिहायचा. लग्न लावणारीसुद्धा बाईच असते, धवलेरी म्हणतात तिला, ती गाणी म्हणून लग्न लावते. मी थक्क झाले. आमच्या लग्नात भटजींनी मला ‘आता गप्प बसा’ असं तीनदा सांगितलं होतं.

“सवितानं लिहिलाय,” तो म्हणाला. “दोघी भावजया होत्या हाताखाली.” मी म्हटलं, “मला पाठव रे, मिहिकाला दाखवते.” मिहिका माझी धाकटी, कॉलेजात आहे. त्यानं लगेच पाठवला. दाखवायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

एप्रिलमध्ये मुंबईच्या एका सिनेमाचं काम आलं. नाव सांगत नाही, वकिलानं मनाई केली आहे. गोष्ट ऐका. हिरॉइनचं विमान कुठल्याशा जंगलात पडतं. तिथे एक रानटी जमात असते, ती देवीला मुली बळी देते. आधी जमातीतल्याच दोन मुली कापतात. तिसरी हिरॉइन. तेवढ्यात हीरो येतो, सगळ्या जमातीला झोडपतो आणि तिला सोडवतो. आधीच्या दोघींचं कुणाला काही नाही. जंगल कुठे, तर जबल अलीच्या गोदामात, एसी लावून.

आर्ट डायरेक्टर निखिल म्हणून एक पुण्याचा मुलगा होता, तिशीचा, तोंडानं गोड. त्यानं टेबलावर ड्रॉइंग्ज पसरली. कवट्या, हाडांच्या माळा, नाकात आरपार काड्या, डोक्याला पिसं, तोंडाला कोळसा. थर्माकोलच्या एका कवटीला चाळीस दिरहम, म्हणजे साडेनऊशे रुपये झाले की हो, आणि अशा दोनशे कवट्या! मिहिका त्या दिवशी ऑफिसात आली होती. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, “मम्मा, धिस इज डिस्गस्टिंग. नोबडी लिव्ह्ज लाइक धिस.” मी म्हटलं, “तू तुझं असाइनमेंट कर.”

“मॅडम, मला एकदम ऑथेंटिक हवंय,” निखिल म्हणाला.

आणि मी मूर्ख बाई, छाती फुगवून म्हणाले, “आमच्याकडे खराखुरा आदिवासी आहे.” जी गोष्ट त्या माणसानं कॅम्पात तेरा वर्षं झाकून ठेवली, ती मी अर्ध्या मिनिटात टेबलावर ठेवली, लॅमिनेटचं सॅम्पल ठेवतात तशी.

आत्मारामला बोलावलं. तो हात पुसत आला. निखिलनं त्याला खालून वर न्याहाळलं आणि त्याचा चेहरा पडला. पांढरा शर्ट, चष्मा, खिशाला पेन. असा कुठे आदिवासी असतो?

“आप ट्रायबल हो?” मराठी मुलगा मराठी माणसाला हिंदीत विचारतो!

“वारली आहे,” आत्माराम मराठीत म्हणाला.

“ओह, ग्रेट. मग तुमच्याकडे बळी कसा देतात?”

“कोंबड्याचा देतात.”

“आणि नंतर?”

“नंतर रस्सा करतात.”

मला फिस्सकन हसू आलं. निखिलला नाही आलं. “तसं नाही, म्हणजे माणसांचा. पूर्वी देत असतील ना?”

“पूर्वी आमची माणसं सावकारांनी मारली,” आत्माराम म्हणाला. “देवीनं नाय मागितली कधी.”

निखिलनं वहीत काहीच लिहिलं नाही. मग म्हणाला, तुमच्या भाषेत काहीतरी बोला, मंत्रासारखं, जोरात. आणि फोन पुढे धरला. आत्मारामनं क्षणभर विचार केला आणि एक वाक्य खणखणीत म्हटलं. “वॉव, काय रॉ आहे!” निखिल खूश. तो हिशेबाला शैलेंद्रकडे वळला तेव्हा मी हळूच विचारलं, काय रे म्हणालास? “बैलाला पाणी दाखव,” आत्माराम म्हणाला. पुढे साठ माणसं तोंडाला कोळसा फासून, भाले आपटत, बळीच्या वेळी हेच ओरडत होती. सिनेमात अजून आहे ते. थिएटरात लोक घाबरतात म्हणे.

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझी ही जीभ! “अहो, यांच्यात लग्नाला भिंतीवर इतकं सुंदर काढतात,” म्हणत मी माझा फोन निखिलपुढे धरला.

निखिल खुर्चीतून उठलाच. “मॅडम, हेच! हीच आपली देवी. वीस फुटी करू. हिच्यासमोर बळी.”

आत्मारामनं फोनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “तो छायाच्या लग्नाचा चौक आहे,” तो म्हणाला.

“हो, तसाच्या तसा हवाय.”

“नाय. तो बायांनी लिहायचा असतो. लग्नाला लिहायचा असतो. पालघटच्या पुढ्यात पोर लग्न करून संसाराला लागते, आणि तुम्ही तिच्या पुढ्यात पोर मारणार? नाय जमणार.” एवढं बोलून तो थांबला असता तर निखिलनं त्याला आडमुठा म्हटलं असतं. पण तो पोराला समजावत बसला. “दुसरं सांगा, काहीही काढून देतो. झाडं काढतो, मोर काढतो, नाचणारी माणसं काढतो. देवीच पाहिजे ना? आपण एक नवी बनवू, कुठल्याच लोकांची नसलेली. डोळे मोठे, जीभ लाल. तिच्यापुढं कापा किती कापायच्या त्या.”

सांगा, याहून शहाणपणाचं कुणी काय बोलणार? निखिलनं मान डोलावली. “शुअर शुअर, टोटल रिस्पेक्ट,” म्हणून हात मिळवला आणि गेला.

दोन दिवसांनी मी देरातून टॅक्सीनं येत होते तर त्याचा फोन. “प्रमिला मॅडम, तो फोटो डायरेक्टरला फक्त मूडसाठी दाखवायचाय. फॉरवर्ड कराल?” मूडसाठी म्हणे! सत्तावीस वर्षं सेट बनवते आहे मी. मूडसाठी फोटो मागतात म्हणजे काय करतात, हे मला कळत नव्हतं असं म्हणाले तर माझं तोंड फोडा. पण पुढचे दोन सिनेमेही तुम्हालाच देऊ, असं तो म्हणाला होता. टॅक्सी सिग्नलला उभी होती. सिग्नल सुटायच्या आत मी फोटो पाठवून दिला.

नवीन ड्रॉइंग आलं. ते मी आत्मारामला दाखवलं नाही. जबल अलीच्या गोदामात वलीकडे पाठवलं. वली पेशावरचा, आमचा दुसरा पेंटर. पालघट कोण आणि चौक काय, त्या बापड्याला काय ठाऊक? त्यानं प्रोजेक्टर लावून रेषेवर रेष मारली. आणि आत्मारामला मी रास अल खोरला एका दातांच्या एक्झिबिशनच्या स्टॉलवर अडकवून ठेवलं. “तुझ्याशिवाय पांढरा नीट लागत नाही रे,” असं लाडीगोडीनं सांगितलं. शैलेंद्रला यातलं चकार शब्दानं बोलले नाही. बोलले असते तर तोही ‘अंडरस्टँडेबल’ म्हणाला असता, पण कुणाच्या बाजूनं, याची मला खात्री नव्हती.

न बोलल्यानंच सगळं उघडं पडलं. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वलीची पाठ धरली, तो उठेचना. निखिलनं शैलेंद्रला फोन केला, भिंतीवर टचअप आहे, पेंटर पाठवा, अर्जंट. शैलेंद्रनं ‘यल्ला यल्ला’, चल चल, म्हणत आत्मारामला व्हॅनमध्ये बसवून दिलं. मी बँकेत होते. दहा वाजता सहज फोन केला तर म्हणतो, “अगं, आत्मारामला जबल अलीला पाठवलंय.” काउंटरवरचे कागद तसेच टाकून निघाले. एक एक्झिट चुकले, पुढे जाऊन वळून आले, स्टिअरिंगवर स्वतःलाच शिव्या घालत.

गोदामात शिरले, तर समोर चौक. वीस फुटी. वलीनं अगदी इमानानं केलेला. फणी, शिडी, चंद्र, सूर्य. डाव्या कोपऱ्यातला घोडासुद्धा तीनच पायांचा. सविताचं पीठ जिथे संपलं, तिथे वलीनंही हात थांबवला होता. खाली दगडी ओटा, ओट्यावर हिरॉइन, पिवळी साडी, तोंडाला हळद, हात बांधलेले. म्हणजे नवरीच की! बाजूला साठ एक्स्ट्रा, कुणी नेपाळचा, कुणी युगांडाचा, कुणी फिलिपिन्सचा, कॅम्पांतून रोजावर आणलेले. कोळसा फासलेल्या तोंडांनी फोन बघत बसले होते. त्या बिचाऱ्यांना तरी काय बोलायचं?

आणि भिंतीपुढे आत्माराम उभा. हातात लाल रंगाची बादली.

टचअप म्हणजे काय, तर रक्त! देवीच्या अंगावर रक्ताचे फटकारे मारायचे होते, कालच्या शॉटमध्ये कमी दिसलं म्हणून. रक्त नेमकं कुठे हवं ते समजावं म्हणून त्याला कालचा शॉट मॉनिटरवर दाखवला होता. दोन मुली, एकीमागून एक. एक असिस्टंट त्याच्या मागे ‘भैया, जल्दी, भैया, जल्दी’ करत होता. आत्माराम वर बघत होता. मग त्यानं बादली हळूच खाली ठेवली, एक थेंब न सांडता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “निखिल!” मी अशी किंचाळले की हिरॉइन दचकून उठून बसली. “अरे मेल्या, तुझ्या आईवडिलांच्या अंतरपाटावर रक्त शिंपडशील? मंगलाष्टकांच्या तालावर माणसं कापशील? चल पुण्याला, मंगल कार्यालयात बोहल्यावर मी बकरा कापते, घे त्याचं शूटिंग!”

“मॅडम, काम डाउन. इट्स फिक्शन. कुठली जमात ते आम्ही सांगितलेलंच नाही.”

“नाही सांगितलं म्हणून सगळ्यांवरच गेलं ना रे गाढवा! वारली, कातकरी, ठाकर, भिल्ल, कुणाला सोडलंस?”

तिथे काळ्या इमल्शनचा डबा पडला होता, रोलर होता. मी रोलर बुडवला आणि भिंतीवर मारायला लागले. कुणीच अडवलं नाही. माझं त्रेपन्न वय, गुडघे हे असे, उंची पाच फूट. देवीच्या पायापर्यंत पोचले आणि पुढे हात पुरेना. टाचा उंचावून मारत होते, काळे ओघळ माझ्याच बाहीत शिरत होते. मागे कुणीतरी माझा व्हिडिओ काढत होतं. रडायला येत होतं, पण रागाच्या भरात येतं ना तसलं, त्याला अश्रू म्हणू नका.

“मारा मॅडम, खुशाल मारा,” निखिल म्हणाला. “वाइड शॉट सगळे काल घेऊन झालेत. दोन्ही बळी झालेत. आता नुसते क्लोजअप राहिलेत.” आणि मग, आत्माराम दोन हात अंतरावर उभा असताना म्हणाला, “आणि फोटो तर तुम्हीच पाठवलात ना?” तेव्हा मात्र शुद्ध मराठीत बोलला हो.

रोलर माझ्या हातात तसाच राहिला. आत्मारामनं तो माझ्या हातातून घेतला, डब्यात नीट आडवा ठेवला आणि म्हणाला, “चला वहिनी.”

परत येताना गाडीत, शेख झायेद रोडवर, मी सबंध वेळ बडबडत होते. केस करू, वकील गाठू, काम सोडून देऊ, त्या निखिलला या गावात पाय ठेवू देणार नाही. आत्माराम बाहेर बघत होता. शर्टावर अजूनही एक ठिपका नव्हता, मी मात्र कोपरापर्यंत काळी. मग तो म्हणाला, “तुम्ही मला परत विचारलं असतं तर मी परत नाय म्हटलं असतं. म्हणून नाय विचारलंत ना?”

शैलेंद्रला सत्तावीस वर्षांत जे जमलं नाही ते त्या दिवशी झालं, मला शब्द सुचला नाही.

वकील गाठला. त्यानं कॉन्ट्रॅक्ट वाचलं. आमच्याकडून गेलेलं प्रत्येक डिझाइन, रेफरन्स, फोटो हे सगळं कंपनीच्या मालकीचं, असं पान नऊवर लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. खलास! सविताच्या हातचा चौक कायद्यानं सिनेमावाल्यांचा झाला, आणि तो त्यांना देणारी मी कोण, तर जिनं तो कधी प्रत्यक्ष पाहिलेलाही नाही. वकील म्हणाला, सेटवर तुम्ही जे केलं त्याबद्दल त्यांनी केस केली नाही हेच नशीब समजा, आणि कुठे नाव घेऊ नका.

आत्मारामनं आठवड्यानं व्हिसा कॅन्सल करायचा अर्ज दिला. स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मी हातापाया पडायची बाकी राहिले. पगार वाढवते म्हटलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो ऑफिसात आला आणि समोर बसला. चौदा वर्षांत तो माझ्यासमोर खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही.

“एक काम करा,” तो म्हणाला. “पिक्चर येईल. गावची पोरं मोबाइलवर बघतील, सविताला दाखवतील. त्याआधी तुम्ही तिला सांगा. मी नाय सांगू शकत. आता लावा फोन.”

मी बोटिम लावलं. सविताचा चेहरा आला, मागे स्वयंपाकघर. मला बघून बाई हरखलीच. “वहिनी! अगं बाय, तुम्ही!” तिला वाटलं, लग्न झाल्याला तीन महिने झाले आणि मालकिणीला आत्ता सवड मिळाली चौकशी करायला. छाया सासरी कशी रमली, जावई किती साधा आहे, सगळं भरभरून सांगत सुटली. मी विचारलंही नव्हतं, तर तिनं फोन फिरवून भिंत दाखवली. चौक अजून होता. खालून जरा धुरकटलेला, कडेला कोंबडीनं ओरखडलेला, पण होता. बायका अजून बघायला येतात म्हणाली.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. फोटो मी दिला, मला नको म्हटलं होतं तरी दिला, लपवून काम करून घेतलं, हे सगळं. माझा आवाज कुठच्या कुठे गेला होता, शैलेंद्रला खिडकी लावावी लागली नाही. सिनेमा कुठला, कोण हीरो, भरपाई काय, काही नाही. मी थांबले तेव्हा सवितानं एवढंच विचारलं, “पालघटपुढं पोर बांधली?”

“हो.”

“नवरी करून?”

“हो.”

तिचा हात तोंडाशी गेला. “मग ती पोर मेली का?”

आणि मी म्हटलं, “नाही गं. वाचते ती. शेवटी हीरो येतो आणि सोडवतो.”

सवितानं एवढा मोठा श्वास सोडला की फोनमध्ये खरखर झाली. “मग बरं,” ती म्हणाली. “लग्नाचा चौक आहे, वहिनी. छायाचा आहे. त्याच्यापुढं मरण नको.” आणि हसलीसुद्धा, मला बरं वाटावं म्हणून.

मी हिरॉइनबद्दल बोलले होते. तेवढं खरं होतं.

समोर खुर्ची सरकली. आत्माराम उठून टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. हळू आवाजात तो बायकोशी त्यांच्या भाषेत बोलू लागला. मला ती भाषा येत नाही. पण बोलता बोलता त्यानं तिला दोन बोटं दाखवली, तेवढं मला कळलं.